झेंडूची पेरणी पंचांग पाहून

शीत प्रदेशांतील उद्यानशास्त्राच्या ग्रंथांत झेंडूसारख्या सुकुमार फुलझाडांच्या लागवडीचा सारा हिशेब वसंतातल्या शेवटच्या हिमतुषारापासून मांडलेला असतो. आणि तेथे तो यथायोग्यच आहे, कारण पारा शून्याखाली उतरला की पेशींमधल्या पोकळीत बर्फाचे स्फटिक बनतात, ते पेशींतील जलांश ओढून घेतात, पेशीपटले निकामी होतात आणि आदल्या संध्याकाळी टवटवीत असलेले झाड सकाळी उन्हे चढताच काळे पडून लोळते. परंतु ज्या यवतमाळ जिल्ह्यात वैशाखात पारा चव्वेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेथे या हिशेबाचा अंमल चालत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, आणि निरभ्र, निर्वात रात्री नाल्याकाठच्या खोलगट शेतांत थंड हवा साचून जमीन त्याहूनही गार होते, हे खरे. तथापि असे प्रसंग विरळा.

झेंडूचे माहेर मेक्सिको. तेथील मध्य पठारावर, यवतमाळच्याच अक्षांशाच्या आसपास, हे झाड उन्हाळी पावसावर वाढते, १ व २ नोव्हेंबरला पितरांच्या स्मरणोत्सवात घरोघरी त्याच्या फुलांची आरास होते, आणि पुढे थंडीत तेथे दंव गोठते. पावसाळ्यात वाढावे, दिवस लहान होऊ लागताच फुलावे आणि कडाक्यापूर्वी बी धरून मोकळे व्हावे, असा त्याचा जीवनक्रम आहे. यवतमाळला जूनअखेर सव्वातेरा तासांचा असलेला दिवस ऑक्टोबरच्या मध्यास पावणेबारा तासांवर येतो. आपल्याला हा फरक क्वचितच जाणवतो, पण झेंडूची पाने तो अचूक टिपतात आणि मोठ्या फुलांचा झेंडू लवकर कळ्या धरतो. परक्या मुलखातले हे फूल आमच्या दसऱ्याच्या तोरणात इतक्या सहजतेने येऊन बसले, यामागे ऋतूंचे हे विलक्षण जुळणेच असले पाहिजे, असे मला वाटते.

मात्र ऋतू जुळला तरी तारीख जुळवावी लागते. टोकाला पांढरट तूस असलेले ते बारीक काळे बी गादीवाफ्यावर टाकल्यापासून पंचवीस ते तीस दिवसांत रोप लावणीस येते, आणि लावणीनंतर साधारण साठ दिवसांनी पहिला बहर तोडणीस येतो. म्हणजे एकूण तीन महिन्यांची मुदत. शेंडा खुडला तर फांद्या वाढतात, फुले अधिक येतात, परंतु बहर काही दिवस लांबतो, तेही हिशेबात धरले पाहिजे. आता दसरा पाहा: २०२३ साली अधिक श्रावणामुळे तो २४ ऑक्टोबरला आला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला, आणि २०२५ साली २ ऑक्टोबरलाच. जुलैअखेरची जी पेरणी पहिल्या वर्षी नेमकी साधली असती, तिनेच तिसऱ्या वर्षी सण उलटल्यावर तीन आठवड्यांनी शेत पिवळे झाले असते. आणि सणानंतर त्या फुलांचे मोल काय उरते, हे वणी-पुसदकडच्या शेतकऱ्यास मी सांगायला नको.

कपाशीच्या काळ्या जमिनीत आणखी एक बंदोबस्त करावा लागतो. ती पाणी धरून ठेवते, म्हणून श्रावणसरींत मुळे कुजतात. सरी-वरंब्यावरच लावणी करावी, आणि तीही ऊन उतरल्यावर. उन्हाळी झेंडूचे गणित निराळे: चैत्रातल्या उन्हाने फुलांचा आकार घटण्यापूर्वी बहर आटोपावा, यासाठी रोपे पौषातच शेतात गेलेली बरी.

बियाण्याच्या पाकिटावरील महिन्यावर विसंबून राहू नये, ही वाचकांस विनंती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने दसरा २० ऑक्टोबरला आहे. त्या तोरणासाठी बी २० जुलैच्या सुमारास वाफ्यात पडले पाहिजे.