फिल्म गेली, निगेटिव्ह तरी जपू या!

बहुतेक घरांत एक जुनी पत्र्याची पेटी असते. तिच्यात शाळा सोडल्याचे दाखले, विम्याच्या पावत्या, जुने रेशनकार्ड, आणि अगदी तळाशी एक पिवळट लिफाफा. लिफाफ्यात काळपट पट्ट्यांचे तुकडे. उजेडात धरले की माणसे दिसतात, पण उलटी. केस पांढरे, चेहरा काळा, पांढरे धोतर काळे. घर झाडताना नव्या पिढीतले कोणी तरी विचारते, "हे कशाला ठेवलंय? टाकून देऊ का?" आणि बऱ्याच घरांत उत्तर मिळते, "टाक."

वाचकहो, हा लेख त्या एका "टाक" या शब्दाविरुद्ध आहे.

ज्या रोलवर हे फोटो निघाले, ते रोल आज मिळत नाहीत. ज्या कारखान्यांत ते तयार झाले, त्यांतले कित्येक बंद पडले. एखादी वस्तू बाजारातून गेली, तर तिच्यासाठी हळहळायचे कारण काय, असे कोणी म्हणेल. कारण आहे. ती फिल्म काय चीज होती, ती करणारी माणसे कोण होती आणि ती का गेली, हे कळले की पेटीतल्या पट्टीची किंमत आपोआप कळते.

काळोखात जन्मणारी वस्तू

फिल्म म्हणजे काय? एक पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक. प्रकाश पडला की या स्फटिकांत डोळ्यांना न दिसणारा बदल होतो. रोल औषधात धुतला की तेवढ्याच स्फटिकांची काळी चांदी होते आणि चित्र उमटते. म्हणजे कृष्णधवल निगेटिव्हवर जो काळेपणा दिसतो, तो रंग नव्हे, ती खरीखुरी चांदी आहे!

आता जिलेटिनचे पाहा. ते तयार होते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ शेपर्ड यांनी शोधून काढले की, काही जिलेटिन वापरले की फिल्म जास्त तेज होते आणि त्याचे कारण त्यातले गंधकयुक्त पदार्थ. हे पदार्थ जनावरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतून येत होते. ज्या हाडा-कातड्याच्या कामापायी आपल्या देशात माणसांना गावकुसाबाहेर ठेवले, त्याच हाडा-कातड्याने जगातल्या राजे-महाराजांचे, नटनट्यांचे, पुढाऱ्यांचे चेहरे धरून ठेवले. हे जिलेटिन नसते, तर ना सिनेमा असता, ना लग्नाचा अल्बम. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात सापडत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिली.

फिल्म प्रकाशाला भिते. म्हणून पट्टीवर थर चढवण्यापासून ती डबीत भरण्यापर्यंतचे काम काळोखात चालते. आपण ज्या उजेडातल्या आठवणी जपतो, त्यांच्यासाठी कोणी तरी आयुष्यभर अंधारात उभे राहिलेले असते.

ओर्वो : परदेशातला, तरी घरचा वाटणारा रोल

सत्तर-ऐंशीच्या दशकात फोटो काढणाऱ्यांना "ओर्वो" हे नाव परिचयाचे होते. हा रोल पूर्व जर्मनीतल्या वोल्फेन या गावी तयार होई. १९०९-१० च्या सुमारास आग्फा कंपनीने तेथे कारखाना उभारला. १९३६ साली याच कारखान्यातून आग्फाकलर ही रंगीत फिल्म जगापुढे आली. महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. आग्फा हे नाव पश्चिमेकडे राहिले आणि वोल्फेनने १९६४ पासून "ओरिजिनल वोल्फेन" या शब्दांवरून ओर्वो हे नाव घेतले.

पूर्व जर्मनीशी भारताचा व्यापार रुपयांत चाले, डॉलर मोजावे लागत नसत. परकीय चलनाची टंचाई असलेल्या त्या काळात ही मोठीच सोय होती. ओर्वोच्या कृष्णधवल रोलवर एन.पी. ही अक्षरे आणि पुढे आकडा असे. एन.पी. २२ म्हणजे १२५ ए.एस.ए., चांगल्या उजेडातला, एन.पी. २७ म्हणजे ४०० ए.एस.ए., कमी उजेडातला. भारतात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यात १२० चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो निघत. अवघे बारा! म्हणून घरातली सगळी माणसे जमल्याशिवाय बटण दाबले जात नसे. निगेटिव्ह सहा सेंटिमीटरचा असल्याने तो कागदावर तसाच ठेवून छापला तरी चेहरे ओळखू येत. मोठा करून छापण्याचा खर्च ज्यांना परवडत नव्हता, त्यांचेही फोटो त्यामुळे झाले.

वोल्फेनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महायुद्धाच्या काळात तेथे छळछावणीतल्या कैदी स्त्रियांना राबवले गेले. पुढे कारखान्याचे दूषित पाणी एका जुन्या कोळशाच्या खाणीत सोडले जाई. त्या डबक्याला लोक "चांदीचे तळे" म्हणत. नाव सुंदर, पाणी विषारी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तेथे सुमारे पंधरा हजार माणसे काम करीत, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, चलन बदलले, जुने गिऱ्हाईक तुटले. १९९४ मध्ये कारखाना मोडीत निघाला. आज तेथल्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे.

इंदू : उटीचा चंद्र

आपल्या देशातही फिल्मचा कारखाना होता, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. केंद्र सरकारने १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. फ्रान्समधील बोशे या कंपनीचे तांत्रिक साह्य घेतले आणि १९६७ मध्ये तामिळनाडूतील उटी येथे उत्पादन सुरू केले. उटीच का? कारण फिल्मला थंड हवा, धुळीपासून मुक्त वातावरण आणि स्वच्छ पाणी लागते. धुळीचा एक कण थरात अडकला, तर तो कोणाच्या तरी चेहऱ्यावर डाग होऊन बसतो.

या फिल्मचे नाव "इंदू". इंदू म्हणजे चंद्र. चांदीच्या फिल्मला शोभणारे नाव. इंदूचे रोल होते, फोटोचा कागद होता, सिनेमाच्या कृष्णधवल प्रतींची फिल्म होती आणि इस्पितळांसाठी एक्स-रे फिल्म होती. इंदू जगातली सर्वोत्तम फिल्म होती, असे कोणी म्हणणार नाही. तिचे वैशिष्ट्य वेगळे होते. फिल्म बनवणे हे जगातल्या मोजक्याच देशांना जमलेले काम. ते भारतातल्या कामगारांनी, नीलगिरीच्या डोंगरात, सरकारी कारखान्यात करून दाखवले.

मग काय झाले? गिऱ्हाईक रंगीत फोटोकडे वळले. गल्लोगल्ली रंगीत लॅब निघाल्या. १९९१ नंतर परदेशी मालाला दारे उघडली. कंपनीवर नव्या प्रकल्पाच्या कर्जाचा बोजा होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती आजारी उद्योगांच्या यादीत गेली. पुढे डिजिटल आले आणि उरलीसुरली आशा संपली. कामगार वर्षानुवर्षे कारखाना वाचवण्यासाठी झगडत राहिले. २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली आणि विषय मिटला. कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रे भंगारात जातात, हे आपल्याला दिसते. अंधारात बोटांनी पट्टी चाचपून दोष ओळखणाऱ्या माणसाचे ज्ञान कोणत्या भंगारात जाते?

कोडाक्रोम : धुणारा गेला, रंग गेला

या प्रश्नाचे उत्तर जगातल्या सर्वांत गाजलेल्या फिल्मने दिले. तिचे नाव कोडाक्रोम. लिओपोल्ड गोडोव्स्की आणि लिओपोल्ड मॅनेस या दोघा मित्रांनी ती शोधली. एक व्हायोलिन वाजवणारा, दुसरा पियानो. दोघेही व्यवसायाने संगीतकार! कोडॅक कंपनीने त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेतले आणि १९३५ मध्ये कोडाक्रोम बाजारात आली.

तिची गंमत अशी की, कॅमेऱ्यातल्या फिल्ममध्ये रंग नसतच. तीन थर, तिन्ही एका अर्थाने कृष्णधवलच. रंग भरले जात ते रोल धुताना, एकेका थरात, पाळीपाळीने. म्हणून ती धुणे फार अवघड. जाणकार रसायनतज्ज्ञाची सतत नजर लागे. पण एकदा नीट धुतली की अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग पन्नास-साठ वर्षांनंतरही टवटवीत दिसतात. १९८४ मध्ये पाकिस्तानातील निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅक्करी यांनी टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी याच फिल्मवरची.

२००९ मध्ये कोडॅकने कोडाक्रोम बंद केल्याचे जाहीर केले. तयार झालेला शेवटचा रोल मॅक्करी यांच्या हाती दिला. छत्तीस फोटो. त्यांतले काही त्यांनी भारतात काढले : मुंबईतले सिनेकलावंत आणि राजस्थानातले रबारी लोक. हा रोल अमेरिकेतील पार्सन्स या छोट्या गावातल्या लॅबमध्ये धुतला गेला. जगात कोडाक्रोम धुणारी तेवढी एकच लॅब उरली होती. तिनेही ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे थांबवले.

आज कोणाच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला, तर त्यातून फार तर कृष्णधवल चित्र काढता येते. रंग कायमचे गेले. रोल आहे, कॅमेरा आहे, पण रंग भरणारी औषधे आणि ती हाताळणारी यंत्रणा नाही. फिल्म म्हणजे केवळ पट्टी नव्हे, माणसांची साखळी आहे. एक कडी तुटली की सगळे थांबते. जिथे साखळी थोडीफार टिकली, तिथे फिल्म परत आलीही. २०१२ मध्ये थांबवलेली कोडॅकची एक्टाक्रोम २०१८ मध्ये परतली. वोल्फेनच्या नावानेही २०२२ मध्ये नव्या फिल्म जाहीर झाल्या. कोडाक्रोम मात्र आली नाही.

आपल्या पेटीत काय आहे?

आता पेटीकडे परत येऊ. तिच्यातली कृष्णधवल निगेटिव्ह या सगळ्यांपेक्षा भाग्यवान आहे. ती धुऊन झालेली आहे. तिला आता कारखाना नको, लॅब नको, वीज नको. नुसता उजेड पुरे. सत्तर-ऐंशीतले रंगीत फोटो लालसर पडले, कारण त्यांतले रंग उडतात; चांदी नीट धुतली असेल तर तशीच राहते. स्टुडिओ बंद पडले तेव्हा अशा हजारो निगेटिव्ह भंगारात गेल्या, चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. एका चेहऱ्यातून चांदी किती निघणार? चिमूटभरही नाही.

ज्यांच्या आजोबांचे तैलचित्र कोणी काढले नाही, ज्यांची वंशावळ कोणत्या दप्तरात नीट लिहिली गेली नाही, त्या घरांसाठी ही पट्टीच दप्तर आहे. तेव्हा एवढे करा :

निगेटिव्ह कडेने धरा, बोटे मध्ये लावू नका. वाकणाऱ्या, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. साध्या कागदाच्या स्वच्छ पाकिटात एकेक पट्टी ठेवा. पत्र्याखालचा माळा आणि स्वयंपाकघर टाळा. पट्टीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती कुजू लागली आहे; तिला इतरांपासून वेगळी करा आणि तिची नक्कल आधी करून घ्या. एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवू नका. स्कॅनर नसेल तर मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर, थोडे अंतर ठेवून, पट्टी धरा, दुसऱ्या मोबाइलने फोटो घ्या आणि रंग उलटे करा. चेहरा समोर येईल. नक्कल झाली म्हणून मूळ पट्टी मात्र फेकू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे. येत्या रविवारी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. "आजी, ही बाई कोण गं?" असे विचारा. ती सांगेल ते नाव, गाव आणि साल पाकिटावर पेन्सिलने लिहा. फिल्मचे कारखाने बंद पडले, त्यावर आपला इलाज नव्हता. पण नाव सांगणारी आजी ही त्याच साखळीची शेवटची कडी आहे. ती निखळण्याआधी लिहून घेणे आपल्या हातात आहे.