स्वमग्नतेचे संशोधन आणि तेरचा दवाखाना

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हे शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांचे दुखणे आहे, असा समज आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. त्याचे मूळ जुने आहे. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत 11 मुलांच्या नोंदींवरून ही अवस्था प्रथम तपशिलाने मांडली. त्या मुलांचे वडील मनोविकारतज्ज्ञ, वकील, प्राध्यापक, अभियंते असे होते. बाल्टिमोरच्या नामांकित रुग्णालयापर्यंत जाण्याइतका पैसा आणि ओळखी ज्यांच्याकडे होत्या, त्यांचीच मुले कॅनर यांच्यासमोर आली. आणि जी समोर आली तेवढीच असतात, असे धरले गेले. पुढे काही दशके तर आयांच्या कोरडेपणामुळे मुले अशी होतात, असाही ठपका आला. तो शास्त्राने केव्हाच फेटाळला, पण 'शिकलेल्यांचा आजार' हा शिक्का काही पुसला गेला नाही. खुद्द अमेरिकेत वर्षानुवर्षे गोऱ्या मुलांमध्ये प्रमाण जास्त दिसत असे. 2020 ची आकडेवारी 2023 मध्ये आली, तेव्हा कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांमधले प्रमाण प्रथमच गोऱ्या मुलांपेक्षा अधिक निघाले. एवढ्या थोड्या काळात मुलांचा मेंदू बदलत नाही, शोधण्याची पद्धत बदलते. 18 आणि 24 महिन्यांच्या प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाचपणी करावी, असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्येच सांगितले होते. नेहमीच्या डॉक्टरकडेच विचारणा होऊ लागली की आजवर न दिसलेली मुले दिसू लागतात.

आपल्याकडे तर मोजणीच उशिरा सुरू झाली. 2011 च्या जनगणनेत अपंगत्वाचे जे प्रकार नोंदले गेले, त्यांत ऑटिझमचा रकानाच नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकार मान्य केले, त्यांत तो आला. 2018 मध्ये पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणच्या 2 ते 9 वर्षांच्या 3,964 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या वाढीशी निगडित कोणती ना कोणती अडचण सुमारे 12 टक्के मुलांत आढळली, आणि ऑटिझम साधारण शंभरात एकाला. यातली बहुतेक ठिकाणे ग्रामीण, डोंगरी किंवा किनारपट्टीची आहेत. मराठवाड्यातले मात्र एकही नाही.

आता हीच गोष्ट मराठवाड्यातल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाला लावून पाहू. दोन-अडीच वर्षांचे मूल हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, आईचा हात धरून तोच वस्तूपर्यंत नेते, खेळण्यातल्या गाडीचे चाक तेवढे फिरवत बसते. असे मूल घेऊन आई मेंदूविकारतज्ज्ञाकडे जात नाही. ताप, जुलाब, लस यासाठी ज्या दवाखान्यात जाते, तिथेच ते मूल दिसते. ऐकू येते का, एवढे पाहिले जाते, आणि 'बोलेल हो, त्याचा बापही उशिरा बोलला होता' असे म्हणून विषय मिटतो. हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. उशिरा बोलणारी सगळी मुले स्वमग्न नसतात, हे खरेच. पण हाकेला ओ न देणे आणि बोट न दाखवणे ही दोन लक्षणे जोडीने असतील, तर वाट पाहण्यात पहिली मोलाची वर्षे जातात. लसीमुळे मूल असे झाले, ही भीतीही याच दवाखान्यात बोलून दाखवली जाते. ज्या 1998 च्या लेखाने ती पसरवली, तो अवघ्या 12 मुलांवर बेतलेला होता आणि 2010 मध्ये तो मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा गोवराच्या लसीशी काहीही संबंध सापडला नाही.

संशोधन करणाऱ्यांचाही एक गैरसमज असतो: खेड्यातली माणसे अभ्यासात सामील होत नाहीत, घाबरतात, मध्येच सोडून जातात. याला उत्तर शोधायला धाराशिव जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. गावांचे 52 गट पाडले गेले आणि 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा त्यात समावेश झाला. ज्या तपासणीबद्दल घरात उघड बोललेही जात नाही, तिच्यासाठी बोलावलेल्या दर दहांपैकी जवळपास आठ जणी आल्या. 2009 मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. जगभरच्या तज्ज्ञांनी ज्याचा आधार घेतला, तो पुरावा इथल्या शेतकरी आणि मजूर बायांनी दिलेला आहे. कार्यकर्त्या त्यांच्या दारापर्यंत गेल्या, त्यांच्या भाषेत बोलल्या, म्हणून तो मिळाला.

याच अभ्यासावर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला, आणि तो झाकून ठेवणे बरोबर नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या 31 हजारांवर स्त्रियांची या अभ्यासातून तपासणी झाली नाही, त्यांना केवळ माहिती आणि नेहमीचे उपचार मिळाले. त्या गटात या कर्करोगाने 64 मृत्यू झाले. संशोधकांचे म्हणणे असे की जिल्ह्यात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती. टीकाकारांचे म्हणणे असे की परिणामकारक तपासणी ठाऊक असताना ती रोखणे अन्यायाचे होते. मला टीकाकारांचे पारडे जड वाटते. पण म्हणून गावाला संशोधनातून वगळावे, हा निष्कर्ष मला पटत नाही. ऑटिझमचा अभ्यास तेरमध्ये आला, तर ज्या मुलाची नोंद होईल त्याला पक्के निदान, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मदत आणि पालकांना मार्गदर्शन मिळायलाच हवे, मग ते मूल कोणत्याही गटात असो.

गावच्या दवाखान्यातून अभ्यासासाठी मुले शोधायची, तर डॉक्टरांना वेळ कुठे आहे, हा दुसरा आक्षेप. सकाळी बाहेर रांग लागलेली असताना अर्धा तास प्रश्नावली भरून घेणे कुणालाच जमणार नाही. पण ते काम डॉक्टरने करायचे असते, हेच मुळात चुकीचे आहे. डॉक्टरने लसीच्या कार्डावर नजर टाकताना दोन प्रश्न विचारावेत आणि शंका आली तर पुढे पाठवावे, एवढे पुरते. पुढच्या वाटेचा आराखडाही तयार आहे. 2013 मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. त्यांच्या यादीत विकासातला विलंब आणि ऑटिझम आहे, आणि शंका असलेल्या मुलासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र निदान व उपचार केंद्राची योजना आहे. उपचार तरी कोण करणार, असे विचाराल, तर गोव्याचे उदाहरण पाहा. संगत या संस्थेच्या सहभागाने गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून 65 मुलांवर एक चाचणी झाली. पालकांनी मुलाशी कसे खेळावे आणि बोलावे हे शिकवण्याचे काम तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी केले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. हे काम शिकू शकतील अशा बाया तेरच्या परिसरातही आहेत.

दवाखान्यातून नोंदणी केली की सगळे आले, असे मानणे हाही भाबडेपणाच आहे. ऊसतोडीला गेलेले कुटुंब दिवाळीनंतर निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि मूल फडाच्या कडेला खोपीत राहते. अंगणवाडीची एक फेरी त्या काळात झाली तर ते मूल यादीतच येत नाही. तांड्यावरच्या लमाण घरांत आणि दखनी बोलणाऱ्या मुस्लिम घरांत प्रमाण मराठीतली प्रश्नावली वाचून दाखवली, तर उत्तरे अंदाजाने दिली जातात. मुलींच्या बाबतीत तर 'शांत आहे, लाजाळू आहे' म्हणून शंकाच घेतली जात नाही. शिवाय साधने परकी आहेत. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका निरीक्षण चाचणीत मुलाने बाहुलीचा वाढदिवस करून दाखवायचा असतो, मेणबत्ती फुंकायची असते. ज्या घरात केक कधी आलाच नाही, त्या घरातले मूल गोंधळले तर दोष मुलाचा की चाचणीचा? भातुकलीतली चूल किंवा पोळ्याचे मातीचे बैल घेऊन तीच कल्पनाशक्ती पाहता येते. पण हे बदल पारखून घ्यायचे तर अशाच घरांतली मुले अभ्यासात हवीत. ती नसतील तर पुण्या-मुंबईच्या मुलांवर बेतलेले मोजमाप इथे तसेच चालवले जाईल.

गावात डॉक्टरचा शब्द मोडत नाहीत, म्हणून त्याच्या तोंडून संमती मागणे ही जबरदस्तीच ठरते, ही शंका मात्र रास्त आहे. डॉक्टरने फक्त ओळख करून द्यावी. संमती दुसऱ्या व्यक्तीने, दुसऱ्या खोलीत, घरी जाऊन विचार करायला वेळ देऊन घ्यावी, अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार असावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरच्या मुलाचा होकारही विचारायचा असतो, आणि मध्येच बाहेर पडले तर नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. पालकांसाठी एक खूण पक्की आहे. खऱ्या संशोधनात अभ्यासासाठीच्या तपासणीचे किंवा उपचाराचे पैसे कुटुंबाकडून घेतले जात नाहीत. मूळपेशींच्या इंजेक्शनने ऑटिझम बरा होतो, असे सांगून लाखो रुपये मागणारे 'हे नवे संशोधन आहे' म्हणतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर 2022 मध्येच हा उपचार ऑटिझमसाठी शिफारसयोग्य नसल्याचे स्पष्ट केले आहे. त्यासाठी कुणी शेत गहाण ठेवायला निघाले असेल, तर त्याला आधी गावातल्याच डॉक्टरने थांबवायला हवे.