बुधवारची पाहुणी

लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आजीच्या वाड्यात आम्ही मुले पालथ्या वाटीवर बोटे ठेवून आत्म्यांना बोलावीत असू. वाटी सरके, पण ती आमच्या मामेभावाचे बोट सरकवी, हे मला आठव्या वर्षीच कळले. तेव्हा परलोकाशी माझा संबंध जो तुटला, तो २०२३ च्या मे महिन्यापर्यंत.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये डॉक्टर आहे. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. पहिल्याच चहाला त्यांनी सांगून टाकले, "मी स्पिरिच्युअलिस्ट." मी मराठीची प्राध्यापिका, मनात लगेच 'अध्यात्मवादी' असे भाषांतर केले आणि फसले! माणूस मेल्यावरही उरतो आणि माध्यमाच्या द्वारा त्याच्याशी बोलता येते, असे मानणाऱ्यांचा हा पंथ. १८४८ साली अमेरिकेत हाइड्सव्हिल येथे फॉक्स भगिनींच्या घरी टकटक ऐकू आली, तेथून तो निघाला. पुढे १८८८ मध्ये त्यांतल्या मार्गारेटने ती सारी लबाडी होती अशी कबुली दिली आणि वर्षभराने कबुलीही मागे घेतली! पंथ मात्र टिकला. ब्रिटनमधले त्याचे पहिले मंदिर १८५३ साली याच यॉर्कशायरातल्या किथ्ली गावी निघाले. पहिल्या महायुद्धात मुले गमावलेली असंख्य घरे त्याकडे वळली. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल तर त्याचा प्रचार करीत देशोदेशी हिंडला.

"उद्या बुधवार. माझ्याबरोबर येता का?" बाईंनी विचारले. मंडळीतली जी माणसे म्हातारपणामुळे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्याकडे त्या दर बुधवारी जात. मी निघाले. खरे सांगायचे तर, भोंदूगिरी जवळून पाहायला मिळेल म्हणून निघाले.

बाईंच्या पिशवीत रविवारच्या प्रार्थनेतली फुले होती, घरी भाजलेला केक होता आणि एक वही होती. त्या वहीत आजाऱ्यांची नावे. रविवारी ती वाचून सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करीत.

पहिल्याच घरी नव्वदीच्या एक आजीबाई होत्या. उमेदीची वर्षे लोकरीच्या गिरणीत गेलेली. मागांच्या खडखडाटाने कान गेले, पण ओठांवरून बोलणे ओळखायची सवय तिथेच लागलेली. माझे इंग्रजी काही त्यांना ओठांवरून उमगेना. आम्ही दोघी हसलो. बाईंनी फुले पाण्यात ठेवली, औषधाच्या गोळ्या मोजल्या, "प्रार्थना आहेच, पण डॉक्टरांची गोळी चुकवायची नाही," असे बजावले आणि रविवारी कोण आले होते, कोणाला नातू झाला, ते सगळे सांगितले.

मग आजीबाईंनी हळूच विचारले, "रविवारी आमचे हे काही बोलले का?"

यजमान जाऊन अकरा वर्षे झाली होती. मी सरसावून बसले. आता काहीतरी गोड निरोप निघणार!

"नाही हो," बाई आजीबाईंकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "या रविवारी नाही." आणि त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

परतताना मी विचारले, "सांगितले असते एखादे वाक्य, तर काय बिघडले असते?"

"आला असता तर सांगितला असता. न आलेला निरोप मी कसा देऊ? त्या माझ्यावर विश्वास ठेवतात." या पंथाची सात तत्त्वे आहेत. त्यांत 'वैयक्तिक जबाबदारी' हे एक, असे त्यांनी सांगितले.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? विशेष असे, की त्या रात्री मला झोप आली नाही.

माझी आई पुण्यात तिसऱ्या मजल्यावर असते. इमारतीला लिफ्ट नाही. खुब्याचे हाड मोडल्यापासून दोन वर्षे ती खाली उतरली नव्हती. तिचे भजनी मंडळ दोन गल्ल्या पलीकडे. ती दर आठवड्याला विचारी, "मंडळातल्या कुणी भेटल्या का गं?" आणि मी सांगे, "भेटल्या ना! सारख्या तुझी आठवण काढतात." दोन वर्षांत मी त्यांतल्या एकीलाही भेटले नव्हते. मेलेल्यांचे निरोप खोटे म्हणणारी मी. जिवंत माणसांचे खोटे निरोप आईला पोचवीत होते!

परत आल्यावर पहिल्याच गुरुवारी मंडळात गेले. बायका ओशाळल्या. "त्यांना त्रास नको म्हणून आलो नाही," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "जिने चढवत नाहीत हो आताशा." तिचेही खरे होते. पण आषाढी एकादशीला चौघीजणी धापा टाकीत वर आल्या. पेटी मी वर नेली.

त्या गेल्यावर मी आईला सगळे कबूल केले. ती उशीला टेकून बसली होती.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "त्या खरंच भेटल्या असत्या, तर माझ्या टाळांची जोडी कुठे आहे, हे पहिलं विचारलं असतं. मंडळाची आहे ती."

टाळ कपाटातच होते. ते परत न्यायला त्या पुढच्या एकादशीला आल्या. आणि आईने ते अजून दिलेले नाहीत.