थेंबाच्या पाचव्या हिश्श्याचे माप

गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असली, म्हणजे सारे ठीक आहे असे आपण समजतो. तीच ज्योत पिवळी पडू लागली की पातेल्याचे बूड काळे होते. याचे कारण उघड आहे. गॅसला पुरेशी हवा मिळत नसली म्हणजे त्यातील कार्बन अर्धवट जळतो आणि काजळीच्या रूपाने पातेल्याला चिकटतो. शेगडीची भोके साफ केली की ज्योत पुन्हा निळी होते.

आता अशी कल्पना करा, की हीच शेगडी दर सेकंदाला पंचवीस वेळा पेटवावयाची आणि पंचवीस वेळा विझवावयाची आहे. शिवाय ज्योत कधी मोठी, कधी लहान हवी आहे. पण प्रत्येक वेळी ती निळीच असली पाहिजे! हे अशक्य वाटेल. परंतु रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या मोटारसायकलचे एंजिन हेच काम करीत असते. ते कसे साधते, हे या लेखात पाहू.

मिश्रणाचे गणित

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. हिशेबासाठी आपण त्यांपैकी ऑक्टेन घेऊ. ऑक्टेनच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. रासायनिक समीकरण मांडले, तर ऑक्टेनचे २ रेणू पूर्णपणे जळण्यास ऑक्सिजनचे २५ रेणू लागतात, असे दिसते. वस्तुमानात सांगावयाचे, तर ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन हवा.

हवेत वस्तुमानाने ऑक्सिजन सुमारे २३.२ टक्के असतो. तेव्हा ४०० ग्रॅम ऑक्सिजनसाठी सुमारे १,७२४ ग्रॅम हवा घ्यावी लागेल. १,७२४ ला ११४ ने भागले की उत्तर येते साधारण १५. म्हणजे १ ग्रॅम ऑक्टेनला १५ ग्रॅम हवा. बाजारातील पेट्रोलसाठी हे प्रमाण १४.७ च्या आसपास असते.

हवा यापेक्षा कमी असेल, तर मिश्रणाला समृद्ध म्हणतात आणि जास्त असेल, तर विरल. गंमत अशी, की आपल्याला काय हवे आहे त्यावर योग्य प्रमाण बदलते. एंजिनाकडून जास्तीत जास्त शक्ती हवी असेल, तर मिश्रण थोडे समृद्ध, म्हणजे सुमारे १३ ला १ असे ठेवावे लागते. पेट्रोल वाचवावयाचे असेल, तर ते थोडे विरल, सुमारे १६ ला १ असे चांगले. समृद्ध मिश्रणामुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. किंचित विरल मिश्रणात नायट्रोजनची ऑक्साइडे जास्त निर्माण होतात. मिश्रण फारच विरल केले, तर एंजिन अडखळू लागते. तेव्हा मिश्रणाचे प्रमाण ठरविणे म्हणजे शक्ती, काटकसर आणि स्वच्छ हवा यांच्यात निवड करणे होय.

आता एका वेळचे माप काढू. १०० घन सेंटिमीटरचे चार धावांचे एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे असे समजा. दोन फेऱ्यांत ते एकदा हवा आत घेते. म्हणजे मिनिटाला १,५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम. सिलिंडर पूर्ण भरला, तर आत आलेली हवा ०.१२ ग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. १२० भागिले १४.७ बरोबर सुमारे ८ मिलिग्रॅम पेट्रोल. हे आकारमानाने ०.०११ मिलिलिटर होते. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे आपल्याला थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा, तोही सेकंदातून २५ वेळा, अचूक मोजून द्यावयाचा आहे!

कार्बुरेटरची करामत

हे काम अनेक दशके कार्बुरेटरने केले. त्याची रचना साधी आणि चतुर आहे. हवेची नळी मध्येच अरुंद केलेली असते. बर्नुलीच्या तत्त्वानुसार अरुंद भागातून वाहताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. या कमी दाबामुळे शेजारच्या छोट्या टाकीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाते आणि हवेत मिसळते. हवा जास्त, तर ओढ जास्त आणि पेट्रोलही जास्त. मेकॅनिक एका छोट्या स्क्रूने मिश्रण कमी-जास्त करीत असे. त्याचा कान हेच त्याचे मापक यंत्र.

पण या करामतीला मर्यादा आहेत. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तेथे हवेची घनता सुमारे आठव्या हिश्श्याने कमी असते. सिलिंडरमध्ये येणारी हवा आकारमानाने तेवढीच असली, तरी वस्तुमानाने १२ ते १३ टक्के कमी भरते. दाबातील फरकही त्याच प्रमाणात कमी होतो. परंतु छिद्रातून येणारे पेट्रोल या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून ते फक्त ६ ते ७ टक्के कमी होते. परिणामी मिश्रण समृद्ध होते. घाट चढून गेलेली कार्बुरेटरची गाडी जास्त पेट्रोल पिते, ती केवळ चढामुळे नव्हे!

दुसरी अडचण दुसऱ्या महायुद्धात ठळकपणे दिसली. ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानातील मर्लिन एंजिनाला कार्बुरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकाएकी खाली केले, की कार्बुरेटरच्या टाकीतील इंधन वर उसळे आणि एंजिन बंद पडू लागे. जर्मनांच्या मेसरश्मिट विमानाच्या एंजिनात इंधन पंपाने सिलिंडरमध्ये फवारले जात असे. त्यामुळे ते विमान बिनदिक्कत सूर मारून निसटे. १९४१ साली बीट्रिस शिलिंग या ब्रिटिश अभियंता महिलेने मर्लिनच्या इंधनमार्गात भोक असलेली एक छोटी चकती बसवून या दोषावर तात्पुरता उतारा शोधला.

ओढण्याऐवजी ढकलणे

इंधन हवेच्या ओढीवर न सोडता दाबाने फवारून देणे, यालाच इंधन-अंतःक्षेपण म्हणतात. गॅरेजमध्ये याला फ्युएल इंजेक्शन म्हणतात. डीझेल एंजिनात तर याला पर्यायच नाही. कारण तेथे आधी नुसती हवा दाबून तापवितात आणि मग तिच्यात इंधन सोडतात. यासाठी लागणारे पंप जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ साली मोठ्या प्रमाणावर बनविण्यास सुरुवात केली. या पंपाच्या दट्ट्यावर एक तिरकी खाच असते. दट्ट्या थोडासा फिरविला, की ती खाच लवकर किंवा उशिरा उघडी पडते आणि त्यानुसार इंधन कमी-जास्त जाते. १९५४ सालच्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या मोटारीत पेट्रोलही असेच यांत्रिक पंपाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. पण असे पंप महाग पडत.

खरी सोय झाली ती इलेक्ट्रॉनिकीमुळे. बॉशची इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण पद्धत १९६७ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन मोटारींत आली. तिच्यातील मूळ कल्पना आजही तीच आहे. पेट्रोल एका पंपाने ठराविक दाबाखाली ठेवतात. हा दाब साधारणपणे वातावरणाच्या दाबाच्या तिप्पट असतो. नळीच्या टोकाला इंजेक्टर असतो. त्यातील बारीक सुई एक विद्युत्चुंबक उचलतो. वीज सुरू झाली, की सुई उचलली जाते आणि पेट्रोलचा फवारा उडतो; वीज बंद झाली, की स्प्रिंगमुळे सुई खाली बसते.

दाब ठराविक, छिद्र ठराविक. तेव्हा पेट्रोल किती जाईल हे फक्त छिद्र किती वेळ उघडे राहते यावर अवलंबून राहिले! समजा, इंजेक्टरमधून एका मिलिसेकंदात १.५ मिलिग्रॅम पेट्रोल बाहेर पडते. आपल्याला ८ मिलिग्रॅम हवे आहे. मग इंजेक्टर सुमारे साडेपाच मिलिसेकंद उघडा ठेवावा. द्रव मोजण्याचे अवघड काम अशा रीतीने वेळ मोजण्याच्या सोप्या कामात बदलले.

हा वेळ ठरवितो एक छोटा संगणक. नळीतील हवेचा दाब, तिचे तपमान, एंजिनाचे फेरे, एंजिन गार आहे की गरम, याची माहिती त्याला निरनिराळे संवेदक सतत पुरवितात. त्याच्या स्मृतीत एक मोठे कोष्टक साठविलेले असते. इतके फेरे आणि इतका दाब असेल, तर इतके मिलिसेकंद, असे ते कोष्टक सांगते. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी झाला, की संगणक आपोआप वेळ कमी करतो.

धूर चाखणारा संवेदक

तरीही एक उणीव राहतेच. इंजेक्टर कालांतराने थोडा तुंबतो, पंपाचा दाब घटतो. कोष्टक बरोबर असले, तरी प्रत्यक्षात चूक होऊ शकते. बादलीतील कढत पाण्यात विसण घालताना आपण काय करतो? अंदाजाने थंड पाणी ओततो, बोट बुडवून पाहतो आणि पुन्हा थोडे ओततो. एंजिनालाही असे एक बोट हवे होते.

ते १९७६ साली मिळाले. त्या वर्षी अमेरिकेसाठीच्या व्होल्व्हो मोटारींत बाहेर पडणाऱ्या धुरातील ऑक्सिजन ओळखणारा संवेदक प्रथम बसविण्यात आला. झिर्कोनिया या चिनी मातीसारख्या पदार्थाचा तो बनलेला असतो. तो ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला, की त्याच्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर असतो. दोन्हीकडील ऑक्सिजनच्या प्रमाणात मोठा फरक असला, म्हणजे मिश्रण समृद्ध असून धुरात ऑक्सिजन उरलाच नसला, तर सुमारे ०.९ व्होल्ट विद्युत्दाब मिळतो. मिश्रण विरल असले, तर जेमतेम ०.१ व्होल्ट. संगणक हा आकडा पाहून पेट्रोल किंचित कमी करतो किंवा वाढवितो, आणि पुन्हा पाहतो. हे सारखे चालूच असते.

एवढी काटेकोरी कशासाठी? धुराच्या नळीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा मुलामा दिलेला उत्प्रेरक असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही प्रदूषकांचा तो एकाच वेळी बंदोबस्त करतो; पण मिश्रण योग्य प्रमाणाच्या सुमारे एक टक्क्याच्या आत असेल तरच. स्क्रू आणि कान यांना हे साधणारे नव्हते. म्हणूनच १ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज-६ हे नियम लागू झाले, तेव्हा नव्या मोटारसायकली आणि स्कूटरी यांतूनही कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा झाला.

कोष्टक कोणाच्या हाती?

या समायोजनाची आज आणखी एक कसोटी लागत आहे. आपल्याकडे उसापासून, धान्यापासून इथेनॉल बनवून ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने १ ग्रॅम इथेनॉलला फक्त ९ ग्रॅम हवा पुरते. १०० मिलिलिटर मिश्र इंधनाचा हिशेब केला, तर प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन हवे. जुन्या कार्बुरेटरला हे कळत नाही. त्याचे मिश्रण तितके विरल होते. संवेदक असलेले एंजिन मात्र हा फरक धुरातून ओळखते आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवते. अर्थात, नळ्या आणि रबरी भाग इथेनॉलला टिकणारे असावे लागतात. ते काम संगणकाचे नव्हे.

परंतु जे कोष्टक बदलता येते, ते चांगल्या हेतूनेच बदलले जाईल असे नाही. २०१५ साली अमेरिकेत उघडकीस आले, की फोक्सवॅगन कंपनीच्या अनेक डीझेल मोटारींतील संगणक तपासणी चालू असल्याचे ओळखत असे. तेवढ्यापुरते एंजिन स्वच्छ चाले. रस्त्यावर मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या कितीतरी पट बाहेर पडत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत अशी व्यवस्था होती. यंत्र निर्दोष होते. त्याला शिकविलेली गोष्ट खोटी होती. गाडीचा जोर वाढावा म्हणून हौसेने कोष्टक बदलून मिश्रण समृद्ध करून घेणारे लोकही आहेत. त्यांना थोडी शक्ती मिळते. उत्प्रेरकाचे काम मात्र बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड मागून येणाऱ्यांच्या नाकात जातो.

मेकॅनिकचा स्क्रू डोळ्यांना दिसत असे. मिलिसेकंदांचे कोष्टक दिसत नाही. म्हणून ते काय करते हे समजणारी माणसे आता अधिक हवीत.

करून पाहा

१. १२५ घन सेंटिमीटरचे एंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत आहे. सिलिंडर प्रत्येक वेळी हवेने पूर्ण भरतो असे मानून एका वेळी किती मिलिग्रॅम पेट्रोल लागेल? लेखातील इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवावा लागेल? दोन फवाऱ्यांमध्ये एकूण किती वेळ मिळतो?

२. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७० टक्के आहे असे मानून कार्बुरेटरमधील मिश्रण किती टक्क्यांनी समृद्ध होईल? वर्गमूळ विसरू नका.

३. घरातील किंवा शेजाऱ्यांच्या गाडीचे पी.यू.सी. प्रमाणपत्र मागून घ्या. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीचा आणि नव्या गाडीचा आकडा शेजारी शेजारी लिहा आणि त्यातील फरकाचे कारण वर्गात सांगा.