ताळेबंदाचा रकाना कोण आखतो?

सिंदखेडराजा तालुक्यातले साखरखेर्डा इतिहासाच्या पुस्तकांत एका दिवसापुरते येते. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथल्या लढाईत मुबारिजखान मारला गेला, निजाम-उल-मुल्क जिंकला आणि दख्खनमधल्या आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. आज हे नाव पावसाळ्यात वेगळ्या कारणाने छापून येते: साखरखेर्डा मंडळ, इतके इतके मिलिमीटर. बुलढाणा जिल्ह्याच्या या घाटावरच्या भागात सोयाबीन, तूर, कपाशी आणि रब्बीत हरभरा यांवर संसार चालतो. त्यामुळे महसूल मंडळाचा तो एक आकडा गावाच्या वर्षाबद्दल पुष्कळ काही ठरवतो. नुकसानीचे पंचनामे आणि पीकविम्याचे वाद त्याभोवती फिरतातच, शिवाय तो एका वैज्ञानिक गणितातही शिरतो. शिवारात पडलेल्यापैकी किती पाणी वाहून गेले, किती मातीत राहिले, किती खाली मुरले आणि पिकाला किती कमी पडले, याचा हिशेब म्हणजे पाण्याचा ताळेबंद. हे गणित जे सॉफ्टवेअर करते ते कौतुकाचेच आहे. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेले एक काम असे आहे की, ते आपल्या विद्यापीठांनी अजून नीट ओळखलेले नाही. वापरणारा माणूस समोर ठेवून वैज्ञानिक सॉफ्टवेअर घडवण्याचे हे काम सजावटीचे नाही. ते विज्ञानाचाच भाग आहे आणि त्यासाठी संशोधकाचे पद हवे.

महाराष्ट्रातले या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण ‘पोकरा’चे, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे. जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात बुलढाण्यासह विदर्भ-मराठवाड्यातले जिल्हे आणि जळगाव अशा पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांहून अधिक गावे घेतली गेली. गावागावाचा आराखडा करताना आधी पाण्याचा हिशेब मांडायचा, असे ठरले. तो हिशेब करणारे सॉफ्टवेअर आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या केंद्राने बांधले. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे हे केंद्र १९८५ पासून पवईत आहे. मिलिंद सोहोनी हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. गणितातल्या अत्यंत अमूर्त प्रश्नांवर काम केलेल्या या माणसाने इथे विद्यार्थ्यांना नळपाणी योजना, विहिरी आणि पाझर मोजायला लावले. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरला जोडायचा एक भाग या केंद्राने लिहिला. मातीचा नकाशा, जमिनीचा वापर, उतार, रोजचा पाऊस आणि पीक त्यात घातले की दिवसागणिक ताळेबंद बाहेर येतो.

या यंत्राचा गाभा आहे ‘कर्व्ह नंबर’ ही पद्धत. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने विसाव्या शतकाच्या मध्यात ती बसवली आणि जगभर ती वापरली जाते. पाणी मुरण्याच्या क्षमतेनुसार मातीचे चार गट पाडायचे, पीक आणि मशागत पाहून प्रत्येक गटाला शंभराच्या आतला एक क्रमांक द्यायचा आणि त्यावरून पावसातले वाहून जाणारे पाणी काढायचे. सरळ ओळीत पेरलेल्या पिकाखालच्या चांगल्या स्थितीतल्या जमिनीचा दुसऱ्या गटातला क्रमांक ७८, तर चौथ्या, म्हणजे चिकण भारी मातीच्या गटातला ८९. एका दिवशी ५० मिलिमीटर पाऊस झाला असे धरून सूत्र चालवले, तर पहिल्या जमिनीवरून सुमारे १२ मिलिमीटर पाणी वाहून जाते आणि दुसरीवरून साडेपंचवीस. फरक साडेतेरा मिलिमीटरचा, म्हणजे हेक्टरी सुमारे एक लाख पस्तीस हजार लिटर. पाऊस तोच, सूत्र तेच. बदलली ती फक्त मातीच्या रकान्यातली निवड. घाटावरच्या शिवारात नाल्याकाठची भारी काळी जमीन आणि टेकाडाची हलकी मुरमाड जमीन एकाच गटनंबरात सापडू शकते. नकाशात मात्र तिथे एकच रंग असतो. तो रंग कुणी दुरुस्त करायचा, कोणत्या माहितीवर, आणि पडद्यावर ती माहिती कोणत्या शब्दांत मागायची, यावर सगळा हिशेब उभा आहे.

म्हणूनच पडदा आणि गणित वेगळे मानणे चुकीचे वाटते. शेतकऱ्याला मातीची खोली सेंटीमीटरमध्ये विचारली तर तो अंदाजाने काहीतरी सांगेल. मुरूम किती फुटांवर लागतो असे विचारले तर मात्र विहीर खणताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले उत्तर मिळेल. पीक निवडायच्या यादीत एकच पीक निवडता येत असेल, तर सोयाबीनच्या ओळींमधली तूर हिशेबातून गळते. सोयाबीन काढल्यावरही ती तूर दोन-तीन महिने शेतात उभी राहून पाणी पीत असते. पेरणीची तारीख एकदाच भरता येत असेल, तर दुबार पेरणी झालेल्या शेताचा ताळेबंद पहिल्या, मेलेल्या पिकाच्या नावे चालू राहतो. यातली प्रत्येक गोष्ट दिसायला फॉर्मची आहे, पण चूक शिरते ती थेट उत्तरात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये दिलेले पीक-पाण्याचे गुणांक कितीही काटेकोर असले, तरी चुकीच्या पिकाला लावलेला काटेकोर गुणांक चुकीचेच उत्तर देतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, वैज्ञानिक सॉफ्टवेअर जाणकारांसाठी असते. जाणकार शिकून घेतात. पुण्याच्या आयुकाने पर्सिस्टंट सिस्टिम्ससोबत या शतकाच्या सुरुवातीला खगोलशास्त्राच्या माहितीसाठी ‘व्हीओप्लॉट’सारखी साधने तयार केली. ती वापरणारे खगोलशास्त्रज्ञ आलेख पाहताक्षणी बिघाड ओळखू शकत होते, हे खरे. पण जाणकारपणा पुरेसा असतो, या समजाला जीवशास्त्राने चांगलाच धक्का दिला आहे. ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशा जनुकांची नावे एक्सेलमध्ये टाकली की ते त्यांचे तारखांत रूपांतर करते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या सुमारे एक-पंचमांश शोधनिबंधांत अशा चुका सापडल्या. हे सगळे तज्ज्ञांचे, समीक्षकांच्या नजरेखालून गेलेले काम. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. एका सवयीच्या पडद्यापुढे विज्ञानाला आपली परिभाषा वाकवावी लागली. तज्ज्ञांची ही गत असेल, तर अनेक योजनांच्या कामांखाली दबलेल्या कृषी सहायकाकडून किंवा कंत्राटी समूह सहायकाकडून निर्दोष नोंदींची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो वैज्ञानिकांकडूनच येतो. सोपेपणा अनिश्चितता लपवतो, असे ते म्हणतात. पडद्यावर ठळक अक्षरांत तुटीचा एकच आकडा झळकला की समितीच्या बैठकीत तो सत्य ठरतो, मग त्यावरून शेततळी आणि बंधारे मंजूर होतात. महावेधच्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे मंडळागणिक एक मोजणी मिळू लागली, पण एका मंडळात अनेक गावे असतात. एका शिवारात धो-धो आणि पलीकडच्यात कोरडे, हे सगळ्यांच्या अनुभवाचे. साखरखेर्ड्याचा आकडा मंडळाच्या टोकाच्या गावाला तंतोतंत लागू होत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि तरीही तो माझ्याच बाजूचा पुरावा ठरतो. अनिश्चितता कशी दाखवावी म्हणजे ती दिसेल, कळेल आणि निर्णय अडणार नाही, हा डिझाइनचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. शेतकरी अंदाजात जगायला शिकलेला असतो. त्याला ‘इतके ते इतके’ समजत नाही, हे गृहीतच तपासून पाहायला हवे. तपासणे म्हणजे संशोधन.

या संशोधनाची शिस्त महाराष्ट्राला परकी नाही. सिताराच्याच आवारात १९६९ मध्ये सुरू झालेले इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, आजचे आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन, आहे. तिथे अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा मराठीसह भारतीय भाषांचा कळफलक घडवला. व्यंजनांची मांडणी शाळेतल्या तक्त्यासारखी आणि अक्षरावर बोट ठेवताच भोवती उमलणारे बाराखडीचे चक्र, ही रचना लोक देवनागरी कसे लिहितात हे तपासत आकाराला आली. एकीकडे पाण्याचे गणित जाणणारे केंद्र, दुसरीकडे वापरणाऱ्याकडे बारकाईने पाहणारे केंद्र. दोघांच्या मध्ये उभा राहील असा माणूस मात्र कोणत्याही विभागाच्या मंजूर पदांत सहज बसत नाही.

आज हे काम पडते ते प्रकल्पावरच्या तरुण मुलामुलींवर. जाहिरातीत पदाचे नाव प्रोजेक्ट रिसर्च असिस्टंट किंवा प्रोजेक्ट रिसर्च इंजिनिअर. नेमणूक ठरावीक मुदतीची, पैसा असेल तर वाढणारी. अशा पदावरच्या माणसाने कोड लिहायचा, नकाशे जुळवायचे, खात्याच्या बैठकीला आकडे न्यायचे आणि जमेल तेव्हा गावात जाऊन कोणता रकाना रिकामा राहतो आणि का, हे बघायचे. हे शेवटचे काम सर्वांत मोलाचे आणि सर्वांत अदृश्य. रिकाम्या रकान्यावर शोधनिबंध लिहिता येत नाही, निदान जलशास्त्राच्या नियतकालिकात तरी नाही. डिझाइनच्या परिषदेत लिहिला तर सिव्हिलच्या निवड समितीपुढे त्याला वजन नाही. ब्रिटनमध्ये कोड लिहिणाऱ्या संशोधकांची अशीच कोंडी होती. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःसाठी ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे पदनाम पुढे केले आणि पुढच्या काही वर्षांत अनेक विद्यापीठांत त्यांचे गट उभे राहिले. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लावण्या रामकृष्णन यांच्या गटाने एक पाऊल पुढे टाकले: शास्त्रज्ञ सॉफ्टवेअर कसे वापरतात याचा अभ्यास हाच संशोधनाचा विषय केला. पद आधी की काम आधी, हा वाद तिथेही झाला असेल. पण पदाला नाव मिळाल्यावर बढतीचा आणि वारशाचा प्रश्न निदान कुणापुढे तरी मांडता आला.

वारशाचा प्रश्न इथे फार जवळचा आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत क्यूजीआयएसची तिसरी आवृत्ती आली आणि पायथनच्या जुन्या आवृत्तीवर लिहिलेले जोडभाग नव्याने जुळवून घ्यावे लागले. असे बदल येत राहणार. ते करणारा माणूस करार संपून बंगळुरूला गेला असेल, तर कोड राहतो. पण अमुक यादीत तुरीचा पर्याय वेगळा का ठेवला, अमुक प्रश्न फुटांत का विचारला, हे ज्ञान त्याच्यासोबत जाते. खासगी कंपनीला कंत्राट द्यावे हा उपाय सुचवला जातो. कंपनी पडदा चांगला करील, त्यात शंका नाही. पण गावातल्या उत्तरावरून प्रारूपच चुकते आहे असे दिसले, तर सूत्राला हात घालण्याचा अधिकार कंत्राटात नसतो. तो विद्यापीठातल्या माणसाकडेच असू शकतो.

मग ते पद पवईतच का असावे? बुलढाणा जिल्हा डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. हे विद्यापीठ अकोल्यात १९६९ पासून आहे. तिथे कृषिविद्या, मृदशास्त्र, कीटकशास्त्र अशा विषयांनी पदे आखली जातात, आणि दोन विषयांच्या सांध्यावरचे पद मागायला कोणताच विभागप्रमुख सहज पुढे येणार नाही, ही अडचण उघड आहे. पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा, ही दुसरी. तिसरी अडचण मुदतीची. करार आर्थिक वर्षाच्या हिशेबाने लिहिले जातात, पण या कामाचे वर्ष मृगाला सुरू होते आणि हरभरा घरात आल्यावर संपते. शिवाय एका पावसाळ्यात फॉर्मची परीक्षा होत नाही. ओढ दिलेल्या वर्षी दुबार पेरणीचा रकाना कळतो, अतिवृष्टीच्या वर्षी वाहून जाणाऱ्या पाण्याचा, आणि बऱ्या वर्षी विहिरीतले पाणी रब्बीपर्यंत कसे उतरते याचा. तेव्हा अकोल्यातून साखरखेर्ड्यासारख्या मंडळांत जा-ये करणाऱ्या अशा संशोधकाची पहिली नेमणूक किमान तीन पावसाळ्यांची हवी, आणि तिची अखेर मार्चऐवजी मे महिन्यात ठेवायला वित्त विभागाची संमती आधी मिळवावी लागेल.