घरबसल्या काम: आधी पैसे कोण काढतो ते बघा

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना नंबर, पायऱ्या सुटल्या असतील तर इथून टिपून घ्या.)

मी करडीतून बोलतोय. तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. दर भागानंतर एक तरी मेसेज येतोच, "भाऊ, अमुक साइटवर ऑनलाइन काम मिळते म्हणतात. साइट खरी आहे का खोटी?"

उत्तर द्यायच्या आधी माझी एक गोष्ट सांगतो. बरेच दिवस ती कुणालाच सांगितली नव्हती.

कॉलेज संपवून घरी बसलो होतो. फेसबुकवर जाहिरात दिसली, "मोबाईलवरून फॉर्म भरा, महिन्याला वीस हजार कमवा." नोंदणी फी १,४९९ रुपये. भरली. मग एक करारनामा आला, त्यावर बोटाने सही केली. आधारचा फोटो दिला, सेल्फी दिला. सहा दिवसांत ४८० फॉर्म भरायचे होते. घरात नेटवर्क नीट मिळेना म्हणून रात्री छतावर बसून भरले. सातव्या दिवशी निरोप आला, "तुमची अचूकता ९० टक्क्यांपेक्षा कमी आहे. पैसे मिळणार नाहीत." दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर वकिलाच्या नावाची नोटीस आली. करार मोडला, कोर्टात केस होणार, नाहीतर ५,८०० रुपये भरून मिटवा.

मी भरले. रोवणीच्या मजुरीसाठी घरात ठेवलेले पैसे होते ते. मजूर बायांचे पैसे द्यायला आईला बचत गटातून उचल करावी लागली, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. आई रागावली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "आमी रोवण्याले जातो, तं पयले मालकाले पैसे देऊन जातो का गा?"

आजचा सगळा भाग या एका वाक्यावर आहे.

"खरी का खोटी" हा प्रश्न अर्धाच आहे

साइट खरी आहे का, हे विचारायलाच हवं. पण खऱ्या साइटवरही फसवणारे येतात, आणि खोट्या साइटचं रूप अगदी खऱ्यासारखं असतं. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारायला शिकलो: काम सुरू व्हायच्या आधी पैसा कुणाच्या खिशातून निघाला, आणि तो आता कुणाकडे आहे?

अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर ही नावं तुम्ही ऐकली असतील. यांचं मूळ काम मधल्या माणसाचं. अपवर्कवर ठरलेल्या रकमेचं काम घेतलं, तर क्लायंट ती रक्कम, किंवा पहिल्या टप्प्याची रक्कम, आधी प्लॅटफॉर्मकडे ठेवतो. याला एस्क्रो म्हणतात. तुम्ही काम देता, क्लायंट तपासतो, पैसे मोकळे होतात. तो १४ दिवस गप्पच बसला, तरी पैसे तुमच्याकडे येतात. फायव्हरवर तर ग्राहक ऑर्डर देतानाच पैसे भरतो.

प्लॅटफॉर्म आपला हिस्सा तुमच्या कमाईतून कापतो. फायव्हर २० टक्के घेतं, म्हणजे १,००० रुपयांच्या कामातले ८०० तुमचे. जास्त वाटेल, पण हा वाटा कमाई झाल्यावर जातो.

आता खोट्या साइटचा हिशेब बघा. तिथे पहिला पैसा तुमचा जातो. त्याला नाव काहीही देतील: नोंदणी, सिक्युरिटी डिपॉझिट, ट्रेनिंग किट, आयडी ॲक्टिव्हेशन, जीएसटी. पैसा उलट्या दिशेने वाहतोय, एवढं ओळखलं तरी पुष्कळ झालं.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हीच मला पकडाल. अपवर्कवर कामासाठी अर्ज करायला "कनेक्ट्स" लागतात आणि ते विकत घ्यावे लागतात, एक १५ सेंटला. म्हणजे खऱ्या साइटवरही थोडा खर्च होऊ शकतो. पण तो अर्ज करण्याचा खर्च आहे. मिळालेलं काम सुरू करायला, किंवा कमावलेले पैसे सोडवायला, क्लायंटने तुमच्याकडे पैसे मागितले, तर समजून घ्या. आणि हा अर्जाचा खर्चही नवीन माणसाने हात राखूनच करावा. शंभर जण अर्ज करतात तिथे काम एकालाच मिळतं.

ही युक्ती जुनी आहे

तुमच्यातले बरेच जण शाळेत असतील तेव्हाची गोष्ट. २०१०-११ मध्ये स्पीक एशिया नावाची सिंगापूरमध्ये नोंदलेली कंपनी आपल्याकडे फार गाजली. वर्षाचे ११,००० रुपये भरा, आठवड्याला दोन ऑनलाइन सर्व्हे भरा, प्रत्येकी ५०० रुपये मिळवा. आठवड्याला १,०००, म्हणजे वर्षाला ५२,०००. शिवाय नवीन सभासद आणले की वेगळे पैसे. टीव्हीवर, पेपरात जाहिराती, मोठमोठे मेळावे. लाखो लोकांनी पैसे भरले. ज्या मोठ्या कंपन्यांसाठी हे सर्व्हे होतात असं सांगितलं जायचं, त्यांतल्या काहींनी २०११ मध्ये "आमचा संबंध नाही" म्हणून सांगितलं. पैसे येणं थांबलं आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला.

यातलं गणित बघा. सर्व्हे घेणारा खरा ग्राहकच नसेल, तर दर आठवड्याचे हजार रुपये येतात कुठून? नवीन माणसाच्या ११,००० मधून. काम हा नुसता देखावा होता.

आजही तेच चालतं, फक्त मेळाव्याची जागा टेलिग्रामच्या ग्रुपने घेतली. ६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने जाहीर केलं, की गुंतवणूक आणि अर्धवेळ कामाच्या नावाने फसवणाऱ्या १०० हून जास्त वेबसाइट बंद केल्या. त्यांच्या जाहिराती गूगल आणि फेसबुकवर "घरबैठे जॉब" अशा शब्दांनी चालायच्या. रोख होता निवृत्त लोक, बाया आणि बेरोजगार पोरांवर. म्हणजे जाहिरात मोठ्या ॲपवर दिसली, याचा अर्थ कुणीतरी तपासून मगच दाखवली, असा होत नाही.

आज चालणारे तीन डाव

पहिला, माझ्यासोबत झाला तो: टायपिंगचं काम आणि मग नोटीस. यात फॉर्मच असे देतात की चूक निघणारच, आणि तपासणारेही तेच. मला तेव्हा कळायला हवं होतं, की कामात चुका झाल्या हा फार तर दिवाणी वाद असतो. त्यासाठी कुणी पोलीस घेऊन दारात येत नाही. आणि कोर्टाची केस यूपीआयवर "मिटवण्याची फी" भरून संपत नसते. अशी नोटीस आली तर पैसे भरू नका. स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार करा.

दुसरा, टास्कचा. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रिव्ह्यू द्या, ५० रुपये घ्या. पहिले दोन-तीन वेळा पैसे खरंच येतात. तोच गळाला लावलेला दाणा. मग "प्रीपेड टास्क": १,००० भरा, १,३०० मिळतील. तेही येतात. मग ५,०००, मग २०,०००. स्क्रीनवर तुमच्या नावापुढे मोठी रक्कम दिसते, पण काढायला गेलं की "टॅक्स भरा", "एक टास्क चुकला, दंड भरा". ग्रुपमध्ये "मला मिळाले" म्हणणारे बाकीचे लोकही त्यांचेच. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे पैसा नाही, मंडळी. खात्यात आला तो पैसा.

तिसरा डाव सगळ्यात वाईट, कारण त्यात आपण फसतोच, वर आरोपीही होतो. "तुमचं बँक खातं वापरू द्या, येईल त्या रकमेवर दोन टक्के घ्या." किंवा "तुमचं अपवर्कचं अकाउंट भाड्याने द्या." बँक खात्यात जो पैसा येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला लुबाडलेला असतो. तक्रार झाली की माग काढत पोलीस आधी तुमच्यापर्यंत येतात, कारण नाव, आधार, सही सगळं तुमचं. खातं गोठतं. त्यात घरच्या धानाचे चुकारे येत असतील तर तेही अडकतात. "मला माहीत नव्हतं" हे मग तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून खातं, सिमकार्ड, एटीएम कार्ड कुणाला म्हणजे कुणालाच भाड्याने द्यायचं नाही. जवळच्या दोस्तालाही नाही.

खऱ्या साइटवर पाय कुठे घसरतो

पायरी जवळजवळ नेहमी तीच असते: "व्हॉट्सॲपवर या, टेलिग्रामवर बोलू." साइटवर काम दिसलं, क्लायंट गोड बोलला, आणि म्हणाला, "इथे कमिशन जातं, थेट पैसे देतो." आपल्यालाही २० टक्के वाचवायचे असतात. पण साइटच्या बाहेर पाय टाकला की एस्क्रो संपला, तक्रारीची सोय संपली. वर नियम मोडला म्हणून आपलंच अकाउंट बंद होऊ शकतं. ते २० टक्के खरं तर राखणदाराचे पैसे आहेत.

म्हणून काम हातात घ्यायच्या आधी मी एवढं बघतो:

१. करार साइटवर सुरू झाला का, आणि टप्प्याचे पैसे "जमा" दिसतात का. क्लायंट "हायर करतो" म्हणाला, एवढ्याने काम सुरू करत नाही.

२. क्लायंटची पेमेंट पद्धत पडताळलेली आहे का, त्याने आधी किती जणांना पैसे दिले, त्यांनी काय लिहिलं.

३. "नमुना" म्हणून अख्खं काम फुकटात मागतो का. एक परिच्छेद देईन, वीस पानं नाही.

४. एपीके फाइल किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो का. सांगितलं की तिथेच थांबायचं.

५. ओळखपत्र मागतो का. खऱ्या साइटही केवायसी करतात, पण त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये. व्हॉट्सॲपवरच्या एचआर मॅडमला आधार पाठवायचं नाही. कुठे द्यावंच लागलं, तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं आधार काढा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

आणि सर्टिफिकेट दाखवलं म्हणून भुलू नका. उद्यम नोंदणी फुकटात, स्वतःच दिलेल्या माहितीवर मिळते. कंपनी नोंदलेली आहे याचा अर्थ ती तुम्हाला पैसे देईल असा नाही. त्यापेक्षा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर संशयित शोधण्याची सोय आहे. तिथे फोन नंबर, यूपीआय आयडी, वेबसाइट टाकून बघा. आधी कुणी तक्रार केली असेल तर कळतं. काहीच निघालं नाही, तरी ती साइट चांगली ठरत नाही. नंबर नवीन असू शकतो.

फसलोच तर

पहिला फोन १९३०. लगेच. "उद्या बघू" नाही. ही व्यवस्था बँकांना जोडलेली आहे. पैसा चोरांनी पुढच्या खात्यात फिरवायच्या आधी तक्रार पोचली, तर तो मध्येच रोखता येतो. फोन करताना व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. मग त्याच पोर्टलवर लेखी तक्रार टाका. बँकेला कळवा. चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे.

आणि पोलीस ठाण्यात जा. आपल्या करडीतच ठाणं आहे. फसवणारा कुठल्या राज्यात बसलाय हे शोधणं तुमचं काम नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते.

आणखी एक. फसल्यावर "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा" म्हणणारा माणूस हमखास येतो. तो त्याच टोळीतला, नाहीतर तिचा भाऊ.

मी यातलं काहीच केलं नव्हतं, कारण मला लाज वाटली. शिकलेला पोरगा, अन् फसला! लोक काय म्हणतील? मी गप्प बसलो, आणि तोवर ती नोटीस आणखी कितीतरी पोरांना गेली असेल. या फसवणाऱ्यांचा धंदा आपल्या लाजेवर चालतो. म्हणून आज नाव घेऊन नाही, पण तोंड उघडून सांगितलं.

ऑनलाइन कामात पैसा आहे. मी आज मराठी-हिंदी ऑडिओ लिहून काढायचं काम करतो. पहिले चार महिने एकही काम मिळालं नव्हतं, हेही सांगतो. हळूहळू येतं. पण वीस हजारांची खात्री पहिल्याच दिवशी कुणी देत असेल, तर त्याला माझ्या आईचा प्रश्न विचारा.

हा भाग घरातल्या एका माणसाला पाठवा, ज्याच्या फोनमध्ये टेलिग्राम नुकतंच आलंय. भेटू पुढच्या भागात. राम राम.