थार घ्यायची, पण नवी की जुनी?

धंदा जरा स्थिरावला की घरची मुले महिंद्रची थार मागतात. मग प्रश्न येतो, नवी की २०१० ते २०२० मधली जुनी? जुनी स्वस्त पडते, ओळखीचा मिस्त्रीही दुरुस्त करतो. पण तिच्यात एअरबॅग नाहीत. मागे समोरासमोर बाके. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या नवीत दोन एअरबॅग आहेत. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत तिला ५ पैकी ४ तारे मिळाले.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवावी लागते. म्हणून व्यापारी बंधूंनी जुनी घेताना आधी आरसी बुकावरची तारीख पाहावी, मग भाव करावा. नागपूरबाहेर हायवेवर बायका-मुलांना न्यायचे असेल तर नवीच बरी. एकट्याच्या हौसेला जुनी पुरे.